एक्सप्लेनर : 'झिंगाट' कुणाच्या वाढदिवसाला वाजतं, आठवतंय? 'फँड्री' आणि 'सैराट' एकत्र का पाहायला हवेत

लग्नसराई सुरू आहे. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत कुठल्याही गावात जा, वरात निघाली की डीजेवाल्याला एक फर्माईश येतेच : झिंगाट. नवरदेवाचे मित्र नाचतात, काका-मामा नाचतात, घोडीसुद्धा बिथरते. 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. म्हणजे त्याला आता 10 वर्षं होत आहेत, तरी गाणं काही जुनं झालेलं नाही.

पण सिनेमात हे गाणं नेमकं कधी येतं? आर्चीचा भाऊ प्रिन्स, त्याच्या वाढदिवसाला. पाटलाच्या दारात पोरं बेभान नाचतात आणि त्याच रात्री आर्ची-परश्या पकडले जातात. तिथून पुढे सगळा पळापळीचा आणि शेवटी रक्ताचा सिनेमा आहे. आपण गाणं उचललं आणि पुढची गोष्ट थिएटरातच ठेवून आलो.

दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी त्याआधी दोन वर्षं 'फँड्री' केला होता. दोन्ही सिनेमे कोवळ्या वयातल्या प्रेमाचे. एक 'अवॉर्डवाला', दुसरा 'गल्लावाला' अशी आपण त्यांची वाटणी करून टाकली. ती वाटणी बरोबर आहे का, ते समजून घेऊ. (दोन्हींचा शेवट पुढे सांगितला आहे.)

आधी थोडक्यात माहिती

फँड्री : 14 फेब्रुवारी 2014, म्हणजे व्हॅलेंटाइन डेला प्रदर्शित. मंजुळे यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पदार्पणातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनासाठीचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार. जब्या साकारणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार.

सैराट : बर्लिन चित्रपट महोत्सवात आधी दाखवला गेला. आर्ची झालेल्या रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख. 100 कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट. अजय-अतुल यांची चार गाणी. कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगालीत रिमेक आणि 2018 मध्ये हिंदीत 'धडक'.

मंजुळे मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. 'सैराट'मधला उजनीचा फुगवटा, उसाची शेतं, विहिरी हा सगळा तोच मुलूख.

गोष्ट एकच, बदललं फक्त उत्तर

मी इंजिनिअरिंग केलंय, त्यामुळे दोन गोष्टींची तुलना करताना आधी बघतो की बदललं काय आणि कायम राहिलं काय. इथे कायम काय आहे? गाव तसंच. खालच्या मानलेल्या जातीतला मुलगा तसाच. वरच्या जातीतली मुलगी तशीच. मित्रांची साथ, शाळा-कॉलेज, जत्रा, नाच सगळं आहे.

बदललंय एकच : मुलीचं उत्तर.

'फँड्री'तल्या जब्याला वर्गातली शालू आवडते. पण तो तिच्याशी बोलूच शकत नाही. काळ्या चिमणीची राख टाकली की मुलगी आपल्या प्रेमात पडते, असं त्याला चंक्याने सांगितलंय (ही भूमिका मंजुळेंनीच केली आहे). म्हणून तो गलोल घेऊन माळरानात चिमणी शोधत फिरतो. शालूच्या मनात काय आहे, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

'सैराट'मध्ये उत्तर 'हो' आहे, आणि तेही ठणकावून. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर घेऊन थेट परश्याच्या घरापर्यंत जाते. ती शालूसारखी लांबून दिसणारी मुलगी नाही. निम्मे निर्णय तीच घेते.

म्हणजे पहिल्या सिनेमात जब्याला जे हवं होतं, ते दुसऱ्यात परश्याला मिळतं. मग निकाल बदलतो का? नाही, उलट शिक्षा वाढते. जब्याच्या वाट्याला अपमान येतो. परश्या आणि आर्चीच्या वाट्याला मरण. एकतर्फी प्रेमाला गाव हसून सोडून देतं. दोघांचं 'हो' झालं की ते गावाला सहन होत नाही. दोन्ही सिनेमे एकत्र पाहिले की हीच गोष्ट ठळक दिसते.

नाचणाऱ्या पोराला खाली कसं बसवतात

'फँड्री'तली जत्रा आठवा. शालू बघतेय म्हणून जब्या हलगीवर जीव तोडून नाचतो. तेवढ्यात बाप त्याला बोलावतो आणि डोक्यावर बत्ती धरायला लावतो. बाप कचरू (किशोर कदम) दुष्ट नाही. गावाने सांगितलेलं काम नाकारता येत नाही, हे त्याला पाठ आहे. पुढे गावातली डुकरं पकडायचं कामही त्याच्याच घरावर येतं. 'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर.

डुकरामागे धावताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब आहे तिथे ताठ उभं राहतं. डुक्कर मात्र निघून जातं. शेवटी डुक्कर बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते आणि भिंतीवर डॉ. आंबेडकर, फुले दांपत्य, शाहू महाराज, गाडगेबाबा. या दृश्यावर एकही संवाद नाही.

'सैराट'मध्ये हाच शाळेचा धडा वेगळा येतो. लोखंडे सर वर्गात मोबाइलवर बोलणाऱ्या प्रिन्सला टोकतात, तर तो सरांच्याच थोबाडीत मारतो. पुढे काय होणार, हे तिथेच सांगून टाकलंय. आपलं लक्ष तेव्हा आर्चीकडे असतं.

एक चेहरा, दोन बाजू

बऱ्याच जणांच्या लक्षात न आलेली गोष्ट : जब्याचा जिवलग मित्र पिऱ्या आणि आर्चीचा भाऊ प्रिन्स हा एकच कलाकार आहे, सूरज पवार. एका सिनेमात तो जब्याबरोबर चिमणी शोधतो, दुसऱ्यात बहिणीच्या दारात भेटवस्तू घेऊन येतो आणि चहा पिऊन जीव घेतो. छाया कदमही दोन्हीकडे आहेत. तिकडे जब्याची आई, इकडे हैदराबादमध्ये पळून आलेल्या पोरांना आसरा देणारी सुमनअक्का.

शेवट आपल्याकडे बघतो

'फँड्री' संपतो तो जब्याने भिरकावलेल्या दगडावर. तो दगड सरळ पडद्यातून आपल्याकडे येतो. 'सैराट' संपतो तो लहानग्याच्या रक्ताने भरलेल्या पावलांवर, आणि तेव्हा आवाज पूर्ण बंद असतो. चारही गाणी मध्यंतराआधी वाजवून घेतल्यानंतरची ही शांतता आहे. मी बारावीच्या सुटीत हा सिनेमा पाहिला. मध्यंतरापर्यंत पडद्यासमोर नाचणारं पब्लिक बाहेर पडताना एकमेकांशी बोलत नव्हतं. पार्किंगमध्ये फक्त गाड्या सुरू झाल्याचा आवाज.

हे फक्त पडद्यावर होतं का? 'फँड्री'ला अडीच महिने होत नाहीत तोच, 28 एप्रिल 2014 रोजी नगर जिल्ह्यातल्या खर्डा इथे प्रेमाच्या संशयावरून 17 वर्षांच्या दलित मुलाची हत्या झाली. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

कायदा काय सांगतो?

मुलगी 18 आणि मुलगा 21 वर्षांचा असेल, तर जात-धर्म कुठलाही असो, दोघांना विशेष विवाह कायदा, 1954 नुसार लग्न करता येतं. त्यासाठी विवाह अधिकाऱ्याकडे 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 रोजी शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट सांगितलं की, दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला घरच्यांची किंवा जातपंचायतीची परवानगी लागत नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा, असे निर्देशही दिले. धोका वाटला तर पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज करता येतो. तातडीसाठी 112.

आंतरजातीय विवाहासाठी राज्यात 50 हजार रुपयांचं प्रोत्साहनपर अनुदान आहे. चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करायची.

कायदा आहे, अनुदान आहे. तरी माझा एक कॉलेजातला मित्र लग्नानंतर चार वर्षं गावी आलेला नाही. दर रविवारी आईला फोन करतो. तब्येत विचारतो, पाऊसपाणी विचारतो. पत्ता मात्र सांगत नाही. मी एकदा म्हटलं, अरे आईच आहे ना? तो म्हणाला, "आर्चीनंही आईलाच फोन केला होता."

या लग्नसराईत झिंगाटवर नाचा, गाणं झकासच आहे. फक्त घरी गेल्यावर 'फँड्री' आणि 'सैराट' ओळीने पाहा, आणि 'सैराट' मध्यंतरानंतर बंद करू नका.