शर्टाचे बटण लागत नाही तेव्हा

शर्टाचे बटण लावताना अंगठा दगा देतो. कुलपात किल्ली फिरत नाही. मग एके दिवशी बायको म्हणते, "अहो, तुमच्या अंगठ्याजवळ खड्डा पडलाय!" दुखत तर काहीच नाही, मुंग्याही नाहीत. कोणी मणक्याचा दोष सांगतो, कोणी जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतो. महिने उलटतात. अखेर बेळगाव-मिरजेकडची माणसे रात्रीची गाडी पकडून बंगळूरच्या 'निम्हान्स'चा रस्ता धरतात. होसूर रोडवरची ही संस्था १९७४ साली उभी राहिली. तिथल्या डॉक्टरांनी २००८ साली ३० वर्षांतील ११५३ रुग्णांचा अभ्यास मांडला, तो याच आजाराचा: मोटर न्यूरॉन विकार.

मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी यात एकेक करून मरतात. हात, पाय, जीभ, पुढे श्वासही. रिल्युझोल हे औषध १९९५ पासून आहे. ते आजार थोडा लांबवते, बरा करत नाही. म्हणून हे नाव घाईने उच्चारणे जितके वाईट, तितकेच ते कळायला वर्ष जाणेही.

मज्जातंतूची नेहमीची तपासणी संदेश किती वेगाने आणि किती जोराने जातो ते पाहते. सुई टोचून केलेली तपासणी स्नायूची हानी दाखवते. याहून वेगळा प्रश्न विचारणारी एक पद्धत लंडनच्या ह्यू बोस्टॉक यांनी विकसित केली: मज्जातंतू जागा व्हायला किती वीज लागते? मनगटावर बारीक झटके देतात, अंगठ्याच्या स्नायूचा प्रतिसाद नोंदवतात. प्रतिसाद ठरलेल्या पातळीवर राहावा म्हणून संगणक वीज कमी-जास्त करत राहतो. मधेच तंतूला सौम्य प्रवाह देऊन, किंवा तो नुकताच थकलेला असताना, त्याची गरज किती बदलली हेही पाहतो. दहा-पंधरा मिनिटांचे काम. सुई नाही, टिचकी मारल्यासारखे वाटते, इतकेच.

या आजाराच्या अनेक रुग्णांत तंतू वाजवीपेक्षा उतावळा आढळतो. सोडियम आत झिरपत राहते, पोटॅशियमचा लगाम सैल पडतो. कातडीखाली स्नायू आपोआप फडफडतात, त्यामागे हा उतावळेपणा असावा असे मानले जाते. मात्र हात गार असला किंवा रक्तातले पोटॅशियम बदलले, तरी आकडे बदलतात. निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे आकडे एकमेकांत मिसळतातही. त्यामुळे ही मोजणी अजून संशोधनातच जास्त वापरली जाते. एकट्या आलेखावर निदान करू नये, हेच योग्य.

शिवाय वाळलेला प्रत्येक हात या आजाराचा नसतो. निम्हान्सच्या डॉ. गौरीदेवी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच एका विकाराचे वर्णन केले. त्यात बहुधा तरुण मुलांचा एकच हात किंवा पाय वाळतो, काही वर्षे वाढतो आणि तिथेच थांबतो. १९७० साली मद्रासहून नोंदलेल्या प्रकारात तरुणपणीच ऐकूही कमी येऊ लागते, पण चाल मंद असते. आणखी एका विकारात तंतूतला संदेश वाटेतच अडतो. त्यावर इम्युनोग्लोब्युलिनचा उपचार लागू पडतो. तो हुकला तर हळहळच.

आणि नुसती पापणी किंवा पोटरी फडफडली, शक्ती मात्र तशीच आहे? झोप कमी, चहा-कॉफी जास्त, यानेही असे होते.

शंका उरलीच तर डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात, तोच हात पुन्हा तपासतात. त्या खेपेला आधीचे सगळे कागद आणि आलेख पिशवीत घालायला विसरू नये.