भूमिका हंसाबाईंची आणि पवळाची

एका नटीने दुसऱ्या नटीचे, चारचौघांत कुजबुजले जाणारे आयुष्य उभे करायचे तर साहित्य कोठून आणावे? श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'त (१९७७) स्मिता पाटील यांच्यापुढे हाच प्रश्न होता. हंसा वाडकर १९७१ सालीच गेल्या होत्या. उरले होते त्यांचे जुने चित्रपट आणि 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन. अरुण साधूंनी शब्दांकन केलेले हे आत्मकथन आधी 'माणूस'मधून आले. त्याचे नाव अनंत माने यांच्या १९५९च्या त्याच तमाशापटावरून घेतले होते. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो चित्रपट सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. म्हणजे नाव आधीच घरोघरी पोचलेले.

पुस्तकातल्या हंसाबाई दारूबद्दल, पुरुषांबद्दल, मराठवाड्यातल्या एका खेड्यात सवत म्हणून काढलेल्या दिवसांबद्दल सरळ बोलतात. दया मागत नाहीत. चित्रपटातली उषा मात्र बरीच गप्प आहे. गोविंद निहलानींचा कॅमेरा भूतकाळासाठी कृष्णधवल होतो, वर्तमानासाठी रंगीत, आणि विनायक काळेच्या वाड्यात उंबरठाच कुंपण होतो. स्मिताबाईंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. तरी मला वाटते, हंसाबाईंचा रोखठोक विनोद उषेच्या वाट्याला फारसा आला नाही. दुःख पडद्यावर लवकर उतरते. निर्लज्जपणा (हा शब्द मी कौतुकाने वापरतो) मागे राहतो.

हंसाबाईंनी 'लोकशाहीर रामजोशी'त (१९४७) ब्राह्मण शाहिराची बया रंगवली होती. तशी खरी जोडी नगर जिल्ह्याने पाहिली आहे. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा येथील पवळा महार समाजातली, आणि तिच्यासाठी घरदार सोडणारे पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. एकच गोष्ट, पण सांगताना बापूरावांच्या बाजूला 'कलेसाठी त्याग' येतो आणि पवळाच्या बाजूला 'रूप' नि 'नाद'. बोभाटा दोघांचा, त्याची किंमत मात्र वेगवेगळी.

पवळाची भूमिका करणाऱ्या नटीच्या हाती 'सांगत्ये ऐका'सारखे काही नाही. लावण्या आहेत. त्यांतली बाई 'मी' म्हणून बोलते, लाडीगोडी करते, रुसते. पण तो 'मी' लिहिला बापूरावांनी.