माथ्यावरचे ओक आधी का वाळले?

अमेरिकेतल्या मिझुरी आणि आर्कान्सा राज्यांत पसरलेल्या ओझार्कच्या डोंगरांत १९९९ नंतर ओकची जंगलं वाळायला लागली. शेंड्याकडच्या फांद्या आधी मरत, मग झाड उभ्याउभ्या वाळून जाई. खोड फोडलं की आत रेड ओक बोरर या खोडकिड्याच्या अळ्या सापडत. एरवी एका झाडात मोजक्याच असणाऱ्या अळ्या आता शेकड्यांनी निघत होत्या. साहजिकच सगळा दोष किड्यावर गेला.

पण मर सगळीकडे सारखी नव्हती. डोंगरमाथे, अरुंद सोंडा, दक्षिण-पश्चिमेकडचे उतार इथे ती सर्वांत जास्त होती. ओझार्कची माती चुनखडी आणि डोलोमाइट झिजून झालेली, चर्ट या गारगोटीसारख्या दगडाच्या तुकड्यांनी ठासलेली. आपला शेतकरी तिला पाहताक्षणी हलकी जमीन म्हणेल. पाऊस चांगला पडतो, पण माथ्यावर ओल धरायला माती आहेच किती? काही ठिकाणी खाली इतका घट्ट थर लागतो की मुळं त्यात शिरत नाहीत. वसंतात त्यावर पाणी साचतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच जमीन कोरडीठाक पडते.

या माथ्यांवर पूर्वी शॉर्टलीफ पाइन मोठ्या प्रमाणावर होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली, लाकूड कंपन्या आल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते पाइन तुटून गेले. मोकळ्या जागेत काळा ओक आणि स्कार्लेट ओक झपाट्याने वाढले. त्यामुळे सगळं जंगल एकाच वयाचं झालं. हलक्या जमिनीत हे ओक सत्तर-ऐंशी वर्षांतच म्हातारे होतात, आणि ते वय सगळ्यांनी एकदमच गाठलं. त्यात १९९८ ते २००० चा दुष्काळ आला. बारीक मुळं मेली, मुळांत साठवलेलं पिष्ट संपत आलं. मग आर्मिलेरिया ही बुरशी मुळांत शिरली आणि खोडात बोरर.

पॉल मॅनियन यांनी १९८१ मध्ये झाडांच्या ऱ्हासाची कारणं तीन पायऱ्यांत मांडली होती: झाड आधीच कमकुवत करणारी, त्याला धक्का देणारी आणि शेवटचा घाव घालणारी. ओझार्कमध्ये किडा तिसऱ्या पायरीवरचा. हजारो एकरांवर त्याच्यासाठी फवारणी करून काय साधणार होतं? त्याच उतारांवरचा पांढरा ओक बऱ्याच अंशी तगला. त्याचं आयुष्य दोन-तीनशे वर्षांचं, म्हणजे तो त्या वेळी ऐन तारुण्यात होता. वनखात्याने मार्क ट्वेन राष्ट्रीय वनात माथ्यांवर शॉर्टलीफ पाइन परत आणायला घेतला आहे. त्यासाठी दाटी विरळ केली जाते, ठरवून जमिनीलगतची आग लावली जाते. मला हाच उपाय मुळाला हात घालणारा वाटतो.

मात्र पांढरा ओक सगळीकडे सुरक्षित आहे असंही नाही. २०११ च्या सुमारास मिझुरीत तोही झपाट्याने मरू लागला, आणि या वेळी मर माथ्यांवर नव्हती, तर उतारांच्या पायथ्याशी आणि ओघळींच्या कडेला, जिथे ओल रेंगाळते तिथे होती. अशा काही जागांच्या मातीत फायटॉफ्थोरा सिनामोमी सापडला आहे. हा सूक्ष्मजीव पाण्यातून पोहत मुळांपर्यंत पोहोचतो.