ओला कचरा वास का मारतो?

आजचा विषय तुमच्या ओट्याखालीच आहे. कचऱ्याची बादली.

मी राहतो बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. उल्हास नदी जवळच. जुलै 2019 मध्ये नदी फुगली, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि आमच्याकडे तळमजल्यांत पाणी शिरलं. 2021 मध्ये पुन्हा तेच. पूर कचऱ्यामुळे आला असं मी म्हणणार नाही, पाऊसच तेवढा होता. पण गटारं पिशव्यांनी तुंबली की पाणी उतरत नाही, आणि आपणच बांधून फेकलेली घाण पाण्याबरोबर घरात परत येते.

आता मुद्द्यावर येऊ. भाजीच्या देठांना एवढा वास नसतो हो. पिशवीला गाठ मारली की आतला ऑक्सिजन संपतो, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. तो कुबट वास त्यांचा. डम्पिंग ग्राउंडवर हेच ढिगाने होतं आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट उष्णता धरतो.

म्हणजे फिक्स काय? हवा. जुन्या बादलीला भोकं पाडा, तळाला नारळाच्या शेंड्या घाला. ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर तेवढाच सुका पाला किंवा कोकोपीट. सुरुवातीला आंबट ताकाचा शिपका. आठवड्यातून दोनदा खालीवर करा. मूठभर घेऊन पिळा, पाणी ठिबकलं तर सुका पाला वाढवा. बादली आतून गरम लागली तर घाबरू नका, प्रोसेस रनिंग आहे! "किडे होतील," असं आई म्हणाली होती. झालेही. पण त्या अळ्या कचराच खातात, आणि सुकं वाढवलं की कमी होतात. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार.

एका घराने काय होणार, असं वाटतंय? वेंगुर्ल्याचं बघा. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने घराघरांतून वेगळा केलेला कचरा घ्यायला सुरुवात केली. ओल्यापासून बायोगॅस, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. जुन्या डम्पिंगच्या जागी आता लोक फिरायला जातात. मशीन महत्त्वाची आहेतच, पण ओलं-सुकं एकत्र आलं असतं तर ती काय करणार होती?

आणि हो, दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो इवलासा तुकडा भंगारवाल्यापर्यंत पोचत नाही, थेट गटारात जातो. चिरा पाडा, पिशवी धुवा, वाळवा, मग सुक्यात टाका.