वहीपूजनाआधी संगणकाची विचारपूस

मोर्णेच्या पश्चिम काठावरील अकोल्याच्या जुन्या शहरात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पेढ्यांवर लाल बांधणीच्या वह्यांशेजारी आता संगणक विराजमान झाला आहे. वहीपूजनाच्या दिवशी त्यालाही हळद-कुंकू लागते. परंतु ज्या यंत्रावर वर्षभराचा जमाखर्च, उधारी आणि जीएसटीची विवरणपत्रे सोपविली, त्याची प्रकृती आपण कधी विचारतो का?

हा प्रश्न निकडीचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. संगणक बंद पडत नाही, म्हणूनच धोका जाणवत नाही; सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र येईनाशा होतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. विंडोजमधील त्या त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती न बसविणारेच प्रामुख्याने सापडले.

तपासणी दोन मिनिटांची आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ एकत्र दाबावी. उघडलेल्या चौकटीत सी, एम, डी ही इंग्रजी अक्षरे लिहून एंटर द्यावे. काळी खिडकी उघडेल. तीत व्ही, ई, आर लिहून पुन्हा एंटर द्यावे. उत्तरादाखल एकच ओळ येते.

गफलत होते ती येथेच. विंडोज ११ असली, तरी आकडा १०.० नेच सुरू होतो. म्हणून त्यापुढील पाच अंकी संख्या पाहावी. ती २२००० किंवा अधिक असल्यास विंडोज ११ समजावी. १९०४५ ही विंडोज १० ची अखेरची आवृत्ती. आरंभी ६.१ दिसल्यास ती विंडोज ७. तिची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीच संपली. अधिक तपशील हवा असल्यास ‘सिस्टिमइन्फो’ हा शब्द इंग्रजीत सलग लिहावा. प्रणालीचे नाव आणि ती बसविल्याची तारीखही कळते.

आवृत्ती जुनी निघाल्यास घाबरू नये. प्रथम हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती संगणकापासून दूर ठेवावी. मग हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालेल का, हे विचारून घ्यावे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षासुविधा लागते. ती नसलेल्या यंत्राला पर्याय शोधावाच लागतो.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण शुभ-लाभ लिहितो. शेवटच्या पानावर हा पाच अंकी आकडा आणि तपासल्याची तारीख लिहावी. पुढच्या दिवाळीला तुलना सोपी जाईल.