कल्पनांची उबवण

आपल्या घरी येणारे हळकुंड कसे पिवळेधमक आणि गुळगुळीत असते! सेनगावच्या शेतातून निघते तेव्हा मात्र तो मातीने माखलेला ओला कंद असतो. तो शिजवायचा, कित्येक दिवस उन्हात वाळवायचा, मग ड्रममध्ये घोळवून पॉलिश करायचा. वाळवण पडलेले असताना अवकाळी पाऊस आला, की शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते. अशा वेळी गावातल्या एखाद्या हुन्नरी तरुणाच्या डोक्यात वाळवणीच्या नव्या यंत्राने घर केले, तर त्याने जावे कोठे?

मुंबईच्या आय.आय.टी.त 'साइन' ही संस्था २००४ साली निघाली, आणि पुण्यास पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ साली 'व्हेंचर सेंटर'. अशा संस्थांना 'इन्क्युबेटर' म्हणतात. अंडी उबवण्याच्या पेटीचेच हे नाव, आणि ते चपखल आहे. तीन-चार माणसांच्या कंपनीला लाखोंचे उपकरण विकत घेणे कसे परवडणार? येथे ते लागेल तेवढे भाड्याने वापरता येते. टेबल मिळते, सल्ला मिळतो, सरकारी अनुदानाची वाट कळते. मात्र अंडे लौकर फुटेल अशी घाई नको. 'साइन'मध्ये वाढलेली 'आयडियाफोर्ज' कंपनी २००७ची. तिचे उडते यंत्र २००९ साली 'थ्री इडियट्स' चित्रपटात झळकले, पण कंपनी शेअरबाजारात आली ती २०२३ साली!

खरी गोम पेटंटात आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे पेटंट मिळाले. आता जखमेवर हळद दाबावी हे आपल्या कोणत्या आजीला ठाऊक नव्हते? पण आजीची साक्ष तेथे चालत नाही, छापील पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे केले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

वाचकहो, हाच नियम आपल्या पोरांवरही उलटतो, बरे का! आधी जगजाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट नाही. आमची मंडळी मात्र यंत्र पुरते चालू लागण्याआधीच हौसेने वर्तमानपत्रात फोटो देतात, आणि मग वकिलाकडे जातात. आधी तात्पुरता अर्ज नोंदवावा. सविस्तर अर्जासाठी पुढे बारा महिने मिळतात. इन्क्युबेटरमध्ये हे वेळेवर सांगणारे कोणी भेटले, तरी तेथील भाडे वसूल झाले म्हणायचे.

हळकुंडातली ओल पाषाणला मोजता येईल, पण वाळवणीच्या यंत्राची परीक्षा व्हायची ती सेनगावच्या खळ्यावरच, आणि तीही हळद निघते तेव्हा, म्हणजे वर्षातून एकदा. तो हंगाम हुकला, की पुढचे पीक येईपर्यंत थांबणे आले. तोवर दोन माणसांचा पगार आणि टेबलाचे भाडे चालूच!