दहाला दोन जुड्या, रात्री नऊनंतर
(पगार ते पगार : लेखांक सातवा)

आज काचऱ्यांवर लिहायचं कबूल केलं होतं, पण त्या पुढच्या रविवारी. चुंचाळ्याच्या घरकुलातून एका ताईंचा निरोप आलाय, आणि तो बाजूला सारून वांग्याच्या फोडी वाळवत बसणं काही मला जमणार नाही. त्यांचं म्हणणं असं : बाजार उठायच्या वेळी भाजी निम्म्याने मिळते हे त्यांना ठाऊक आहे, त्यासाठी लेख वाचायची गरज नाही. नवरा अंबडच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला. दुपारी साडेतीनला आत जातो, रात्री बाराला सुटतो. त्या स्वतः पॅकिंगच्या कामाला. सातला घरी, मग पाणी, पोरं, चूल. साडेआठला पवननगरच्या बाजाराला कोण जाणार? ‘‘भाऊ, स्वस्त भाजी आहे हो, पण आम्ही तेव्हा मोकळे नसतो.’’

आजचा सगळा लेखांक या एका वाक्याला देतो. भाजी काय भाव, हे लोक किलोत सांगतात. मी आधी विचारतो, किती वाजता?

नाशिकचा भाजीबाजार घड्याळाच्या बाबतीत पहिल्यापासून जरा उलटा. इतर गावांत पहाटे लिलाव होतात. आपल्याकडे पंचवटीत बाजार समितीत भाजीपाल्याचे लिलाव संध्याकाळी रंगतात. दिंडोरी, पेठ, त्र्यंबक, सिन्नर, निफाड या बाजूंनी दुपारी काढलेला माल तिथे उतरतो. कोथिंबीर, मेथी, शेपू शंभर जुडीच्या भावाने जातात, टोमॅटो वीस किलोच्या क्रेटने. मग गाड्या भरतात आणि रातोरात मुंबई नाहीतर गुजरातचा रस्ता धरतात. आपण मुंबईचं परसदार आहोत हे नाशिककर अभिमानाने सांगतो. पण परसदारी राहणाऱ्याला उचलून मिळते ती बहुधा मुंबईच्या गाडीत न चढलेली जुडी.

ती जुडी सिडकोतल्या हातगाडीवर सकाळी येते तेव्हा ताठ असते. अकरापर्यंत तिच्यावर पाणी मारून भागतं. दुपारी गोणपाट ओला करून वर टाकतात. चारनंतर पानं मान टाकायला लागतात, आणि तिथून पुढे विकणारी बाई मेथी विकत नसते, मेथीचा वेळ विकत असते. तिच्याकडे कोल्ड स्टोरेज नाही. उद्याच्या मालाला रोख पैसे लागतात. ते बऱ्याचदा सकाळी उचलून संध्याकाळी वरकड घालून परत करायचे असतात. 2020 साली केंद्राने पीएम स्वनिधी योजना काढली आणि फेरीवाल्यांना दहा हजारांचं पहिलं खेळतं भांडवल द्यायला सुरुवात केली, ती हेच जोखड सैल करायला. तरीही पालेभाजीचं गणित पालेभाजीचंच राहतं. नऊला गाडीवर आठ जुड्या उरल्या, तर दहाला दोन देऊन घरी जाणं यात तिचा तोटा कमी. तिला उदार वगैरे म्हणू नका. उद्या सकाळी त्याच जुड्या शेळीपुढे टाकाव्या लागतील हे तिला पक्कं माहीत असतं.

म्हणून घासाघीस करताना एक पथ्य पाळा. नऊ वाजता पालेभाजीत ओढा, कांदा-बटाट्यात ओढू नका. बटाटा उद्याही बटाटाच असतो. तो ती का सोडेल? टोमॅटो, वांगी, भेंडी अधेमधे. भेंडी रात्री स्वस्त मिळाली तर आधी एक मोडून बघा. मोडली नाही तर पैसे वाचले तेच बरे.

आता ताईंकडे येतो. सेकंड शिफ्टवाल्याची सकाळ मोकळी असते. सकाळी साडेसात-आठला गाड्या लागतात, आणि तेव्हा दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे कालचा उरलेला माल गाडीच्या कडेला वेगळा मांडलेला असतो. वांगी जरा सुरकुतलेली, गिलकी मऊ, दोडका थोडा वाकडा. त्याचा भाव कुणी ओरडून सांगत नाही, विचारावा लागतो. दुसरी गोष्ट भवानी. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, ही नाशिकच्या बाजारातली श्रद्धा अजून पुष्कळ शाबूत आहे. भवानीला भाव पडत नाही हे खरं, पण रिकाम्या हातानेही कुणी जात नाही. वीस रुपयांत अर्धा किलो घ्या, मिरच्या-कोथिंबीर वरून पडते. दिवसा ती वरची मिरची मागून बघा, बाई तोंड फिरवते.

म्हणजे ताईंच्या घरी भाजी आणायचं काम नवऱ्याकडे यायला हवं. इथे बरेच वाचक हसले असतील. रात्री बाराला सुटून एकला झोपलेला माणूस आठला उठून गिलकी निवडणार? काही उठतात. एका खोलीत पाच-सहा जण राहणारी परप्रांतीय पोरं बघा, त्यांच्यात पाळीच असते. ज्याची सेकंड त्याची भाजी, ज्याची फर्स्ट त्याचा रात्रीचा स्वयंपाक. घरकुटुंबवाल्यांनी त्यांच्याकडून शिकायला काही हरकत नाही.

शिफ्ट सुटताना एक्सलो पॉइंटला, गरवारे पॉइंटला रस्त्याच्या कडेला विकणारे उभे असतात, त्यांच्याबद्दलही विचारणा होते. सोय उत्तम, भाव सोयीचा. तिथे बहुतेक जण पावशेर घेतात, कारण खिशात तेवढेच असतात. पावशेर दहाला म्हणजे किलो चाळीसला. त्याच गाडीवर किलो मागितला तर बहुधा तीस-पस्तीसला सुटतो. ज्याच्याकडे पैसे कमी, त्याला भाजी महाग, हा हिशेब जगभर सारखाच आहे. त्यावर अंबडच्या गेटवर मी एकच तोड बघितली आहे : दोघांनी मिळून किलो घ्यायचा आणि तिथेच पिशवीत पिशवी करून वाटायचा.

गरज किती, तेही बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मंडळींनी 2024 मध्ये नव्याने दिलेल्या आहार मार्गदर्शनात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं धरली आहेत. चौघांच्या घरात, पोरं लहान धरली तरी, रोज दीड किलो. चाळीसच्या भावाने रोजचे साठ, महिन्याचे अठराशे. खोलीभाडं, गॅस, हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे यातून हे अठराशे काढून दाखवा! रेशनवर अन्नसुरक्षा कायद्यामुळे माणशी पाच किलो धान्य मिळतं. 2022 च्या दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ आला त्यात रवा, चणाडाळ, साखर, पामतेल होतं. हिरवं काही सहसा रेशनच्या दुकानात येत नाही, येणं सोपंही नाही. धान्य गोदामात वर्षभर थांबतं, मेथी संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

मग सरकारने काही केलंच नाही का? केलं की. 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. अरणच्या या माळ्याचं नाव भाजीबाजाराला द्यावं हे मला फार आवडलं. त्याआधी 1999 मध्ये आंध्रात रयतू बाजार आणि तमिळनाडूत उळवर संदै निघाले होते. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त, गिऱ्हाइकाला दोन पैसे कमी, मधला दलाल बाहेर. कल्पना चोख. पण आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या तासांत भरणारा बाजार हा ज्याच्या घरी फ्रिज आहे आणि ज्याची सुट्टी ठरलेली आहे त्याच्या उपयोगाचा. फिरत्या शिफ्टवाल्याला तो सापडला तर सापडला. शेतकरीही शहाणा असतो, जिथे माल लवकर संपतो तिथेच टेम्पो लावतो.

याबाबतीत मला सगळ्यात पटलेली युक्ती ब्राझीलची. बेलो होरिझोंते नावाच्या शहरात 1993 पासून पालिकेने भाजीविक्रेत्यांना शहरातल्या मोक्याच्या जागा दिल्या, पण अटी घालून. वीसेक ठरावीक भाज्या-फळं पालिकेने ठरवलेल्या, बाजारापेक्षा कमी भावाने विकायची. बाकी माल तुमच्या भावाने विका. आणि दुसरी अट : शनिवार-रविवारी तोच माल गाडीत भरून शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत न्यायचा, त्याच भावाने. चांगल्या चौकातला नफा आणि वस्तीतली फेरी एकाच परवान्यात बांधून टाकली. आपल्याकडे 2014 चा फेरीवाला कायदा आहे, त्याखाली फेरीवाला क्षेत्रं आखायची असतात. जागा वाटायच्याच आहेत, तर चुंचाळ्यात रात्री साडेबाराला नको, निदान सकाळी आठला एक फेरी एवढी अट घालायला कुणाची आडकाठी असावी?

2023 चा टोमॅटो आठवतोय ना? जुलैत शंभरी ओलांडली, काही ठिकाणी दोनशेच्या घरात गेला. केंद्राने महाराष्ट्र, आंध्र, कर्नाटकातून टोमॅटो उचलून दिल्लीत गाड्यांवर नव्वद रुपयांनी विकला, मग ऐंशी, मग सत्तर. आणि सप्टेंबर सरता सरता आपल्याच भागात भाव असा आपटला की शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. त्या रस्त्यापासून अंबडच्या खोल्या फार लांब नव्हत्या. पण वीस किलोचा क्रेट एका खोलीत नेऊन करायचं काय? चौघींनी वाटून घेतला तर पाच-पाच किलो. दोन किलो भाजीत, तीन किलो उकडून, गाळून, मीठ घालून आटवला तर फ्रिजशिवायही थोडा ओढता येतो. पण त्याला गॅस जळतो. तो हिशेबात धरल्याशिवाय स्वस्ताई मोजू नये.

फ्रिज नसलेल्यांनी स्वस्तात मिळालं तर काय धरून ठेवावं? डांगर, कोबी, कांद्याची गोल्टी. गोल्टी म्हणजे बारीक कांदा, सोलायला वेळ जास्त, पैसे कमी. मुळा घेतला तर ‘पाला काढू नका’ म्हणायचं, फुलकोबीचीही आतली कोवळी पानं मागून घ्यायची. विकणारी ती नाहीतरी खाली टाकते. राजगिरा आणि शेवगा यांच्या शंभर ग्रॅम पाल्यात तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, त्यामुळे शेवग्याचं झाड कुठे रस्त्याकडेला दिसलं तर मालकाला विचारायला लाजू नका. शेंगा तो देणार नाही, पाला देईल.

फळांचं उरलं. सलाइनवरच्या माणसाला भेटायला सफरचंद नेणाऱ्या समाजात पेरूची बाजू मांडणं अवघड आहे, तरी मांडतो. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व, सफरचंदात पाचसुद्धा नाही. भाव तुम्हीच बघा. आणि द्राक्षांच्या दिवसांत आपल्या नाशिकची खास चीज म्हणजे द्राक्षमणी. पिंपळगाव, ओझर, दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये घड देखणा करायला बारके, फुटके, सुटे मणी कात्रीने काढतात. बरेच बेदाण्याला जातात, काही पोत्यांत-क्रेटमध्ये शहरात येतात आणि घडापेक्षा खूप कमी भावाने सुटे विकले जातात. जीवनसत्त्वांत द्राक्ष पेरूच्या जवळपासही येत नाही, पण पोरांना गोड काही हवं असतं, तेही जेवणातच धरावं. फक्त मणी घेताना मूठभर हातात घेऊन वास बघा. आंबूस आला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. घरी आणले की मिठाच्या पाण्यात बुडवून दोनदा धुवा, फवारणीचा थर मण्यावर राहिलेला असू शकतो. आणि त्याच दिवशी संपवा.

काचऱ्या पुढच्या रविवारी, नक्की. वांगी तोवर स्वस्त राहिली तर.